प्रेसबिटेरियन उपासनावर्ष, मराठी मंडळ्यांतील

प्रेसबिटेरियन पंथाच्या परंपरेतून उदयास आलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षाच्या ठराविक काळी होणाऱ्या सामुदायिक उपासना, सण, प्रार्थनासप्ताह व प्रीतिभोजने यांची एकत्रित मांडणी म्हणजे त्या मंडळ्यांचे उपासनावर्ष होय. ‘मंडळी’ ही संज्ञा मराठी ख्रिस्ती परिभाषेत उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या स्थानिक समुदायास लावतात. मूळच्या प्रेसबिटेरियन आचारात रविवारखेरीज कोणत्याही सणास स्थान नव्हते. मराठी मंडळ्यांत मात्र एक भरगच्च वार्षिक क्रम रूढ झाला. हा क्रम काही अंशी युरोप-अमेरिकेतून आला, काही अंशी मराठी मुलखातील शेतीच्या ऋतुचक्रातून घडला, आणि धर्मांतरामुळे जातीच्या पंगतीस व सणवारांस मुकलेल्या कुटुंबांच्या गरजेतून तो दृढ झाला.

पंथाची मूळ भूमिका : ‘प्रेसबिटेरियन’ हे नाव वडील किंवा ज्येष्ठ या अर्थाच्या ‘प्रेस्बिटेरॉस’ या ग्रीक शब्दावरून पडले. या पंथात बिशपचे पद नसते. मंडळीने निवडलेले वडील व दीक्षित पाळक मिळून स्थानिक कारभार पाहतात. त्यांच्यावर अनुक्रमे प्रिसबिटरी, सिनड व महासभा अशा चढत्या सभा असतात. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याची शिकवण व जॉन नॉक्स याने स्कॉटलंडमध्ये १५६० पासून घडवून आणलेली धर्मसुधारणा हे या पंथाचे मूळ होय. ज्या आचारास बायबलचा आधार नाही तो उपासनेत नसावा, या तत्त्वानुसार स्कॉटिश सुधारकांनी नाताळ, ईस्टर व संतांचे दिवस वर्ज्य ठरविले. राजा सहावा जेम्स याने १६१८ मध्ये काही सण पुन्हा लादण्याचा प्रयत्न केला. परंतु १६३८ च्या ग्लासगो येथील महासभेने तो मोडून काढला. स्कॉटिश पार्लमेंटने १६४० मध्ये नाताळची सुटी रद्द केली. वेस्टमिन्स्टर सभेने तयार केलेल्या १६४५ च्या उपासना-निर्देशिकेत प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार, एवढाच पवित्र मानावा असे सांगितले आहे. प्रसंगोपात्त उपवासाचे व आभारप्रदर्शनाचे दिवस पाळण्यास मात्र तिने मुभा दिली. स्कॉटलंडमध्ये नाताळचा दिवस सार्वजनिक सुटीचा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

तथापि सण वर्ज्य असले, तरी वर्षाला ठळक टप्पे होते. प्रभुभोजनाचा विधी वर्षातून एकदोनदाच होई आणि त्याभोवती चार-पाच दिवसांचा ‘प्रभुभोजनाचा हंगाम’ उभा राही. गुरुवारी उपवास, शुक्रवारी धर्मचर्चा, शनिवारी तयारीची उपासना, रविवारी भोजनविधी व सोमवारी आभारप्रदर्शन असा त्याचा क्रम असे. भोजनास बसण्यास पात्र ठरलेल्यांस वडील धातूचे लहान बिल्ले देत. आजूबाजूच्या गावांतून लोक येत व यजमान गावाच्या घरी उतरत. उपासना व आतिथ्य यांची ही सांगड पुढे मिशनक्षेत्रांतही टिकली.

महाराष्ट्रातील प्रवेश : स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांचे मराठी मुलखातील कार्य कोकणात सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये सावित्री नदीच्या मुखाजवळील बाणकोट येथे पहिले ठाणे घातले. पुढे हर्णै येथे कार्य सुरू झाले. जॉन विल्सन (१८०४–७५) हे १८२९ मध्ये मुंबईस आले व त्यांनी मराठीचा प्रारंभीचा अभ्यास हर्णै येथे केला. मुंबईत १८३१ मध्ये त्यांनी प्रेसबिटेरियन धर्तीवर एतद्देशीयांची मंडळी स्थापन केली. पुणे हेही लवकरच या मिशनचे केंद्र झाले. स्कॉटलंडमधील चर्च १८४३ मध्ये दुभंगले, तेव्हा येथील मिशनरी फ्री चर्चमध्ये सामील झाले. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपूर येथे कार्य आरंभिले. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे काही वर्षे पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळक होते. कोल्हापूर येथे रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले कार्य १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे आले. तेथून सांगली, मिरज, कोडोली व दक्षिण कोकणातील वेंगुर्ले येथवर त्याचा विस्तार झाला.

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई व पुणे या दोन जुन्या स्कॉटिश केंद्रांच्या मध्ये, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला व १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर या दोन्ही केंद्रांचे दळणवळण याच भागातून होऊ लागले. कर्जत तालुक्यातून उल्हास व खालापूर तालुक्यातून पाताळगंगा वाहते. भात हे येथील मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरी होते. कोकणपट्टीतील मंडळीचे वर्ष शेतीच्या कोणत्या कामांभोवती फिरते, हे या दोन तालुक्यांच्या पीकचक्रावरून चांगले समजते. म्हणून पुढील विवेचनात ते उदाहरणादाखल घेतले आहेत.

वार्षिक क्रमाची गरज : एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणारी व्यक्ती केवळ देव्हारा सोडीत नसे, तिचे सगळे वर्षच हातचे जाई. पोळा, गौरी-गणपती, दसरा, दिवाळी, होळी हे सण, त्यांचे पक्वान्न, मुलींची माहेरपणे, भावबंदांची पंगत ही सर्व जातीच्या व्यवहाराशी बांधलेली होती. सहभोजनाने जात जाते, ही समजूत किती प्रखर होती हे नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या १८४३ मधील प्रकरणावरून दिसते. हा अल्पवयीन मुलगा मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहिला होता. न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु ख्रिस्ती घरी जेवल्यामुळे त्यास पुन्हा ज्ञातीत घ्यावे की नाही, यावर मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घेण्याचा पक्ष उचलून धरला व त्याबद्दल रोष पत्करला. परतण्याची वाट एवढी बिकट असल्याने बाप्तिस्मा घेतलेल्यास नवी पंगत व नवे सणवार यांची निकड होती. मिशनने प्रारंभी त्याच्या हाती दिला तो केवळ रविवार. बाकीचे वर्ष मंडळ्यांनी हळूहळू भरून काढले.

या प्रक्रियेस पाश्चात्त्य प्रेसबिटेरियन जगातील बदलांचेही साहाय्य झाले. स्कॉटलंडमध्ये १८६५ मध्ये चर्च सर्व्हिस सोसायटी स्थापन होऊन उपासनापद्धतीत प्राचीन ख्रिस्ती वर्षाचा विचार पुन्हा सुरू झाला. अमेरिकन प्रेसबिटेरियनांच्या १९०६ च्या व विशेषतः १९३२ च्या उपासनाग्रंथात आणि स्कॉटलंडच्या १९४० च्या उपासनाग्रंथात सणांच्या प्रार्थना समाविष्ट झाल्या.

वर्षाचा क्रम : (१) वर्षारंभ : एकतीस डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना होते. सरत्या वर्षाबद्दल पश्चात्ताप व आभार व्यक्त करून मध्यरात्री नव्या वर्षाचे स्वागत प्रार्थनेने करतात. पाठोपाठ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रार्थनासप्ताह येतो. या जगभर पसरलेल्या प्रथेचा उगम भारतात आहे. पंजाबातील लुधियाना येथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगातील सर्व ख्रिस्ती लोकांस एकाच आठवड्यात प्रार्थना करण्याचे आवाहन केले व जानेवारी १८६० मध्ये असा पहिला सप्ताह पाळण्यात आला. मराठी मंडळ्यांत या आठवड्यात रोज सायंकाळी निरनिराळ्या विषयांवर प्रार्थनासभा होतात. भातकापणी व मळणी उरकून शेतकऱ्यास थोडी उसंत मिळालेली असते, ही गोष्ट कोकणात या सप्ताहास अनुकूल ठरते.

(२) उपवासकाळ व पुनरुत्थानाचा सण : ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा पाळीपाळीने घरोघरी प्रार्थना होते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन पाळतात. अमेरिकेतील प्रेसबिटेरियन स्त्रियांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या प्रार्थनादिनापासून तो विकसित झाला आणि १९२७ पासून जागतिक स्वरूपात पाळला जाऊ लागला. उपासनेचे सर्व नेतृत्व स्त्रियांकडे असलेला वर्षातील हा ठळक प्रसंग असून महिला मंडळांच्या घडणीत त्याचे महत्त्व मोठे आहे. झावळ्यांच्या रविवारी मुले हाती झावळ्या घेऊन मिरवणुकीने मंदिरात येतात. कोकणात यासाठी नारळाच्या वा शिंदीच्या झावळ्या सहज मिळतात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. ईस्टरच्या पहाटे, बहुधा दफनभूमीत किंवा उघड्या माळावर, सूर्योदयाची उपासना करतात. आप्तांच्या थडग्यांची साफसफाई करून त्यांवर फुले वाहण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे.

(३) उन्हाळा : एप्रिल-मे या महिन्यांत कर्जत-खालापूरकडील शेतकरी राब भाजण्याच्या कामात असतो व शाळांना सुटी असते. या काळात मुलांसाठी सुटीतील बायबल शाळा, तरुणांसाठी शिबिरे आणि विवाह यांची गर्दी होते. कर्जत तालुक्यातील माथेरान, तसेच महाबळेश्वर व पाचगणी ही थंड हवेची ठिकाणे मिशनकाळात युरोपीय लोकांच्या उन्हाळी मुक्कामाची होती. नेरळ-माथेरान लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्टचा सण या उन्हाळ्याच्या अखेरीस पडतो. प्राचीन इस्राएलात तो गव्हाच्या कापणीचा सण होता. मराठी मुलखात मात्र तो पेरणीच्या तोंडावर येतो. त्यामुळे त्याचा मूळचा कृषिसंबंध येथे मागे पडला आणि तो पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा दिवस एवढ्याच अर्थाने पाळला जातो. काही ग्रामीण मंडळ्यांत पाऊस व बी-बियाणे यांसाठी विशेष प्रार्थना याच सुमारास करतात.

(४) पावसाळा : जून ते सप्टेंबर हा उपासनावर्षातील शांत काळ होय. आवणी व बेणणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबांस सवड नसते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस जोराचा असल्याने ओढे-नाले ओलांडून मंदिरात येणे अवघड होते. अशा वेळी मोठे मेळावे टाळून वस्तीवस्तीवर लहान प्रार्थनासभा घेण्याचा मार्ग सोयीचा पडतो. प्रेसबिटेरियन पद्धतीत वडिलांकडे ठराविक कुटुंबांची देखरेख सोपविलेली असते. तिचा खरा कस या महिन्यांत लागतो.

(५) हंगामाचा सण : शेतकरी मंडळ्यांत नाताळखालोखाल उत्साहाने साजरा होणारा हा सण होय. त्यास कापणीचा सण, सुगीचा सण किंवा आभारप्रदर्शनाचा सण असेही म्हणतात. बायबलच्या लेवीय व अनुवाद या पुस्तकांत पहिल्या पिकाची पेंढी व प्रथमफळे देवास अर्पण करण्याची आज्ञा आहे. सणाचे आधुनिक स्वरूप मात्र इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात रॉबर्ट हॉकर या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १८४३ मध्ये घेतलेल्या उपासनेपासून प्रचारात आले. निर्देशिकेने आभारप्रदर्शनाच्या दिवसास मुभा दिलेली असल्याने प्रेसबिटेरियनांस तो स्वीकारणे तत्त्वतः अवघड गेले नाही.

या सणाची तिथी कोणत्याही पंचांगाने बांधलेली नाही; ती पिकावर ठरते. कोकणात हळवी भाते ऑक्टोबरमध्ये व गरवी नोव्हेंबरमध्ये निघतात, म्हणून तेथे सण त्यानंतर येतो. देशावर खरीप बाजरीनंतर किंवा रब्बी ज्वारी निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो करण्यास सोयीचा असतो. सणाच्या दिवशी मंदिर लोंब्या, कणसे, केळीचे खुंट व आंब्याचे डहाळे यांनी सजवितात. प्रत्येक कुटुंब आपल्या उत्पन्नातील वाटा आणून वेदीसमोर ठेवते. भात, नाचणी, भाजीपाला, नारळ, अंडी, कोंबड्या, क्वचित बकरे असे हे अर्पण असते. ज्यांना शेती नाही ते पैसा किंवा घरी केलेले पदार्थ आणतात. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. त्यात एखादे लिंबू वा अंडे बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीस जाते. घेणारा ते पुन्हा दान करतो व पुन्हा बोली लागते. जमणारी रक्कम पाळकाचे वेतन, मंदिराची डागडुजी व गरजूंचे साहाय्य यांकडे जाते. परदेशी मिशनचा पैसा आटत गेल्यावर स्वावलंबी होऊ पाहणाऱ्या मंडळ्यांस हा सण म्हणजे एक महत्त्वाचे उत्पन्न होते. मिझोरममधील प्रेसबिटेरियन स्त्रियांनी १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूस काढून चर्चला देण्याची जी प्रथा पाडली, तिच्याशी याचे साम्य आहे. धान्य हाती असणाऱ्या पण रोकड नसणाऱ्या समाजाने आपले चर्च आपणच चालविण्याचे हे दोन मार्ग होत.

(६) आगमनकाळ व नाताळ : नाताळपूर्वीच्या चार रविवारी आगमनकाळाच्या उपासना होतात. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तरुण मंडळी ढोलकी, टाळ व पेटी घेऊन रात्री घरोघर ख्रिस्तजन्माची गीते गात फिरतात. घरांवर चांदणीचे आकाशकंदील लावतात. करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा फराळ करून तो शेजारी हिंदू-मुसलमान कुटुंबांकडे पाठवितात. दिवाळीत त्यांच्याकडून आलेल्या फराळाची ही परतफेड असते. विवाहित मुली या सणास माहेरी येतात आणि नोकरीनिमित्त शहरात राहणारे गावाकडे परततात. बाप्तिस्म्याने जे माहेरपण व जी देवघेव तुटली होती, तिची जागा अशा रीतीने नाताळने घेतली.

प्रभुभोजन व प्रीतिभोजन : या दोन्हींतील भेद महत्त्वाचा आहे. प्रभुभोजन हा भाकर व द्राक्षारस यांचा पवित्र विधी असून तो पाळकाच्या हस्ते होतो. प्रीतिभोजन म्हणजे सण, वर्धापनदिन वा मेळावा यांनिमित्त सर्वांनी एकत्र घेतलेले साधे जेवण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाळला जाणारा जागतिक प्रभुभोजनाचा रविवार हाही प्रेसबिटेरियन उगमाचा आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील शेडीसाइड प्रेसबिटेरियन चर्चमध्ये तो १९३३ मध्ये सुरू झाला. मराठी समाजात या दोन्ही प्रसंगांना आगळे वजन आले. निरनिराळ्या जातींतून आलेल्यांनी एका पंगतीस बसणे व एका प्याल्यातून पिणे ही जातिभेद मोडल्याची प्रत्यक्ष खूण होती. ती नेहमीच सहज साध्य झाली असे नाही. पूर्वजातीची जाणीव सोयरिकीत व बसण्याउठण्यात दीर्घकाळ टिकून राहिली. तथापि वर्षातून अनेक वेळा मांडली जाणारी पंगत ही तत्त्वाची उजळणी करणारी संस्था ठरली.

संगीत : स्कॉटिश प्रेसबिटेरियन उपासनेत मूळत: वाद्यांविना स्तोत्रे गात. मराठी मंडळ्यांत इंग्रजी चालींवरील भाषांतरित गीतांबरोबरच पदे, अभंग व भजने रूढ झाली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेतील होते. परंतु त्यांची गीते सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गाइली जातात. उपासना संगीत या गीतसंग्रहात दोन्ही प्रवाह एकत्र आढळतात. नाताळ व उत्तम शुक्रवार या प्रसंगी होणारी ख्रिस्ती कीर्तने ही मराठी परंपरेची खास देणगी होय.

मतभेद : सणांच्या या वाढीस विरोधही झाला. बायबलबाह्य दिवस पाळणे हा प्रेसबिटेरियन तत्त्वाचा भंग आहे, ही जुनी भूमिका घेणारे होते. हंगामाच्या सणातील लोंब्यांची तोरणे कोकणातील ‘नवे’ बांधण्याच्या चालीसारखी दिसतात, असा आक्षेप घेता येतो. टाळ-मृदंग व कीर्तन यांवरही अशीच टीका झाली. उलट पक्षाचे म्हणणे असे, की पीक देणाऱ्याचे आभार मानणे हे मानवी मनास स्वाभाविक असून त्यास योग्य दिशा देणे हेच चर्चचे काम आहे. पवित्र उपासनेनंतर लगेच लिलाव करावा काय, हा प्रश्नही चर्चिला जातो.

एकीकरणानंतर : भारतातील बऱ्याच प्रेसबिटेरियन संस्था १९०४ मध्ये एकत्र आल्या. त्यांचा काँग्रिगेशनल मंडळ्यांशी संयोग होऊन १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया हे चर्च बनले. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन व डिसायपल्स या परंपरांसह त्याचे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीनीकरण झाले. त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या स्कॉटिश व अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळ्यांपैकी बहुतेक आज बिशप असलेल्या चर्चच्या घटक आहेत. अँग्लिकन परंपरेतील ठरावीक वाचने, ऋतूंचे रंग व उपवासकाळाचे नियम त्यांच्यात आले; वडिलांची देखरेख, प्रवचनास असलेले प्राधान्य व घरोघरच्या प्रार्थनासभा हा प्रेसबिटेरियन वारसा त्यांनी संयुक्त चर्चमध्ये आणला. २९ नोव्हेंबर हा स्थापनादिन वार्षिक क्रमात नव्याने दाखल झाला.

शेतीवरील अवलंबन कमी झाल्याने या वर्षाचे स्वरूप पालटत आहे. खोपोली येथे १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले. पुढे पाताळगंगेच्या खोऱ्यात कारखाने आले आणि कर्जत हे मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या टप्प्यात आले. पाळीवर काम करणाऱ्या व रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या कुटुंबांस सुगीपेक्षा सुटीचा वार महत्त्वाचा असतो. अशा वस्तीत हंगामाचे अर्पण धान्याऐवजी पाकिटातून येते आणि लिलावातील भाजी बाजारातून आणलेली असते. तरीही सण बंद पडलेला नाही. वर्षभराच्या कमाईतला पहिला वाटा सर्वांसमक्ष आणून ठेवणे व त्यानंतर एका पंगतीस जेवणे, हे त्याचे मूळ अंग टिकून आहे. आणि संख्येने लहान व विखुरलेल्या मंडळीस एकत्र धरून ठेवण्याचे काम आजही तेच करते.